जहाजाआधीचे पाच दिवस

क्रूझचं आरक्षण झालं तेव्हा वाटलं, सुटलो. व्हिटियरला चढायचं, आठवड्याने व्हँकूव्हरला उतरायचं. पण एवढं अलास्कापर्यंत जाऊन नुसता किनारा बघायचा? जहाजवाल्यांची जमिनीवरचीही सहल होती, पण झेंड्यामागे चालणं माझ्याच्याने होत नाही. म्हटलं, आपणच आखू.

तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलाय आणि ताटं मांडीवर आलीत. अँकरेजहून डेनाली शिखराचं राष्ट्रीय उद्यान साधारण 380 किलोमीटर. हिला काचेच्या छताची रेल्वे हवी. मला भाड्याची गाडी, वाटेल तिथे थांबायला. पण उन्हाळ्यात उद्यानात स्वतःची गाडी पहिल्या 15 मैलांपर्यंतच, पुढे बस. त्यात 2021 मध्ये दरड सरकली आणि बसही 43व्या मैलापाशी परत फिरू लागली. एवढं करून शिखर बहुतेकदा ढगातच. तरी तिथे तीन रात्री ठेवल्यात. जूनमध्ये अंधार असा पडतच नाही, कुठल्या तरी प्रहरी दर्शन देईल.

खरी धास्ती व्हिटियरच्या बोगद्याची. चार किलोमीटर, एकेरी, आणि त्यातूनच रेल्वेही. तिकडे जाणाऱ्या गाड्या साडेच्या ठोक्याला सोडतात. हुकलं की तासभर खोळंबा. जहाज म्हणजे काही एसटी नाही हात दाखवून थांबायला. म्हणून आदली रात्र अँकरेजला, कार्यक्रम काही नाही. ‘दिवस फुकट,’ ही म्हणाली. असू दे.

आणि व्हँकूव्हर म्हणजे कॅनडाचा व्हिसा वेगळा. हे काल रात्री अंथरुणात आठवलं.