सोन्याच्या गावातली वेल्डिंगची शाळा

बाजाराच्या दिवशी ट्रॉलीचा तुटलेला हूक जोडून देणारा वेल्डर तुम्ही पाहिलेलाच आहे. माझा भाचा २०२३ साली तेच काम शिकायला कॅनडात निघाला, तेव्हा भावकी हसली. लोखंड जोडायला सातासमुद्रापलीकडे कशाला जायचे? बहिणीने मात्र दोन एकर गहाण टाकून त्याला धाडले. आता धाकट्यानेही तोच हट्ट धरला. "दादा, एकदा बघून या, मग राहिलेल्या रानाचं ठरवू," असे ती म्हणाली. म्हणून हिवाळ्यात रजा काढून मी गेलो.

गावाचे नाव कर्कलंड लेक. ऑन्टारिओ प्रांताच्या उत्तरेला, टोरोंटोहून बसने जवळजवळ अख्ख्या दिवसाची वाट. वाटेत न्यू लिस्कर्डच्या आसपास जंगल मागे हटते आणि सपाट शेते लागतात. हिमयुगानंतरच्या मोठ्या सरोवराचा हा तळ. चिकणमाती साचली, म्हणून शेती झाली. बर्फाखाली ढेकूळ दिसेना, तरी मी काचेला नाक लावून बसलो होतो. सवय कुठे जाते! पुढे पुन्हा खडक आणि सूचिपर्णी झाडे.

गाव सोन्याच्या खाणींचे, वस्ती सात-आठ हजारांची. ज्या तळ्यावरून नाव पडले ते तळे खाणीच्या गाळाने केव्हाच बुजले. थंडी उणे ३० अंशांची. उभ्या मोटारीच्या तोंडातून विजेची वायर लोंबते. रात्री इंजिन ऊबदार ठेवले नाही तर सकाळी गाडी चालू होत नाही.

इथल्या नॉर्दर्न कॉलेजात भाचा शिकतो. गावाकडे त्याने दोन वर्षे गॅरेजात काम केले होते. "मामा, इथं पहिल्याच महिन्यात माझी सगळी ऐट उतरली," तो म्हणाला. वरून जोड चांगला दिसला म्हणजे झाले, असे नाही. जोडलेल्या पाटीतून पट्ट्या कापतात आणि यंत्रात घालून घोड्याच्या नालासारख्या वाकवतात. आत पोकळी किंवा मळी राहिली असेल तर तिथे तोंड उघडते. त्याच्या पहिल्या चारही पट्ट्यांनी तोंड उघडले.

रॉडचेही तसेच. आपल्याकडचा ७०१८ नंबरचा रॉड तिकडे ४९१८ म्हणून मिळतो. तो गरम पेटीत ठेवतात. रॉडला ओल लागली की तिच्यातला हायड्रोजन जोडात शिरतो आणि जोड थंड झाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा, तडकतो. आपल्या वेल्डरचे रॉड पाण्याच्या माठाशेजारी पडलेले असतात! बियाणे मात्र आपण वाळवून ठेवतो.

आता पैशाचे. भाचा गेला तेव्हा फी सोडून वर्षाच्या खर्चासाठी १०,००० डॉलर दाखवावे लागत. सप्टेंबर २०२५ पासून हा आकडा २२,८९५ झाला. म्हणजे रुपयांत चौदा-पंधरा लाख. कोर्स आठ महिन्यांहून कमी असेल तर शिकल्यावर कामाचा परवाना मिळत नाही. बऱ्याच खाजगी कॉलेजांत शिकूनही मिळत नाही, आणि हे एजंट आपणहून सांगेल असे धरू नका. शिकताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येते. कॉलेज संपले तरी पोर लगेच पक्का कारागीर होत नाही. मालकाकडे उमेदवारी करावी लागते, ऑन्टारिओत ती शिक्षण धरून सुमारे ६,००० तासांची.

भाचा संध्याकाळी एका दुकानात माल लावतो. गहाणाचे व्याज निघते, मुद्दल तसेच आहे. तरी हात बसला आहे पोराचा. निघताना त्याने न फुटलेली एक वाकवलेली पट्टी माझ्या पिशवीत घातली. "आईला दाखवा," म्हणाला.

बहिणीने ती देवळीत ठेवली आणि सातबारा पुन्हा पेटीत गेला. धाकट्याला मी आयटीआयच्या वेल्डर ट्रेडचा अर्ज आणून दिला. कोर्स एक वर्षाचा, आठवी पासला प्रवेश. तिथे त्याच्या पट्ट्या टिकल्या तर पुढचे बोलू, असे मी त्याला सांगितले आहे. अर्ज भरलाय त्याने. माझ्याशी मात्र अजून धड बोलत नाही.