अंगणवाडीचा ताळेबंद

पैठणी घेणारा पदरावरचे मोर पाहतो. विणणाऱ्याला चिंता असते ती ताण्याची. ताण्यांत राहिलेला दोष पुढच्या विणकामानें झांकत नाहीं, हें आम्हां येवलेकरांस कोणी सांगावयास नको. परंतु शिक्षणाच्या खर्चाचा प्रश्न निघाला, कीं बहुतेकांचें लक्ष दहावीच्या निकालावर, म्हणजे पदरावरच खिळतें. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा विचार फारसा कोणी करीत नाहीं.

विणकरांच्या आळींतून जातांना आम्हीं कित्येकदां पाहिलें आहे, कीं आई मागावर बसलेली असते आणि मूल शेजारीं रेशमाच्या तुकड्यांशीं खेळत असतें. रंग तें आपोआप ओळखूं लागतें. पण गोष्ट सांगावयास आणि ऐकावयास मोकळें माणूस लागतें, व आईचे हातपाय तर मागांत गुंतलेले असतात.

ही अडचण ताराबाई मोडकांनीं फार पूर्वीं ओळखली होती. १९२६ सालीं त्यांनीं व गिजुभाई बधेकांनीं भावनगरास नूतन बाल शिक्षण संघ स्थापिला. पुढें १९४५ सालीं ताराबाई ठाणें जिल्ह्यांतील बोर्डीस आल्या आणि अनुताई वाघांच्या साहाय्यानें त्यांनीं खेड्यांतील मुलांसाठीं काम उभें केलें. मूल शाळेंत येत नसेल, तर शाळेनें मुलाच्या अंगणांत जावें, हा त्यांचा विचार होता. महागड्या साहित्याच्या जागीं पानें, बिया, शिंपले आले. खर्च उतरला, शिकविणाऱ्या बाईचें महत्त्व मात्र तसूभरही उतरलें नाहीं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशीं सुरू झाली, आणि अंगणवाडी हें नांव देशभर गेलें. या योजनेंत आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आदि सहा सेवा आहेत, आणि शिक्षण ही त्यांतील एक. आहाराचा हिशेब दर मुलामागें, दर दिवशीं होतो. २०१७ सालीं सर्वसाधारण मुलासाठीं तो आठ रुपये ठरला. तो अपुरा असेल, पण त्याला माप तरी आहे. सेविकेनें मुलांशीं बोलण्यांत घालविलेल्या तासाला असें मापच नाहीं. तिला जें मिळतें त्यास वेतन न म्हणतां मानधन म्हणतात. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रांतील सेविका संपावर गेल्या, त्यामागें याच शब्दाचें दुःख होतें.

सुशिक्षित कुटुंबें आपलीं मुलें फी भरून खासगी शिशुवर्गांत घालतात. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु ज्यांना अंदाजपत्रक वाचतां येतें, त्यांचींच मुलें अंगणवाडींत नसल्यामुळें तें वाचणारें कोणी उरत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच, कीं शिक्षणाची रक्कम आहारापासून वेगळी दाखवावी, आहार व नोंदवह्या एकीकडे आणि शिकविणें दुसरीकडे असें काम दोघींत वांटावें, आणि वेळ आईच्या कामाकडे पाहून ठरवावी. ग्रामपंचायतींना उत्पन्नांतील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठीं खर्चावयाची असते. ती कोठें गेली, हें ग्रामसभेंत उठून विचारण्यास पैसा लागत नाहीं.

ज्याचें मूल त्या अंगणांत बसत नाहीं, त्यानेंही हा प्रश्न विचारावा. सार्वजनिक पैसा म्हणजे सर्वांचा पैसा, आणि त्याचा हिशेब मागणें हें सर्वांचेंच काम आहे.