सोबत जाणाऱ्याचं काय?

डेबी पर्डी आणि ओमार प्वेन्ते यांची गाठ पडली १९९५ साली, सिंगापूरमध्ये. ती ब्रिटिश, तो क्यूबाचा व्हायोलिनवादक. ओळख वाढते न वाढते तोच डेबीला मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान झालं. ओमार मागे हटला नाही. १९९८ मध्ये दोघांनी लग्न केलं. ब्रॅडफर्डला संसार मांडला. पुढे डेबीचे पाय गेले, चाकाची खुर्ची आली.

त्रास असह्य झाला तर मरणासाठी मदत घ्यायला स्वित्झर्लंडला जायचं, हे तिनं ठरवून ठेवलं होतं. हेतू स्वार्थी नसेल तर अशी मदत तिथे गुन्हा ठरत नाही. औषध मात्र रुग्णानंच स्वतःच्या हातानं घ्यावं लागतं. अडचण होती घरच्या कायद्याची. इंग्लंड-वेल्सच्या १९६१च्या कायद्यात आत्महत्येला मदत करणाऱ्याला १४ वर्षांपर्यंत कैद आहे. विमानाचं तिकीट काढणं, खुर्ची ढकलत नेणं, यालाही कुणी मदत म्हटलं तर? ओमार तुरुंगात जायला तयार होता. डेबी त्याला जाऊ द्यायला तयार नव्हती.

मग एकटीला प्रवास झेपतोय तोवरच निघायला हवं होतं. नवऱ्याला वाचवायचं, तर हाती असलेलं आयुष्य आधीच सोडून द्यायचं! हाच मुद्दा घेऊन ती कोर्टात गेली. ३० जुलै २००९ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी तिच्या बाजूनं निकाल दिला: खटला कोणत्या निकषांवर भरणार, हे सरकारी अभियोग संचालकांनी जाहीर करावं.

तिची भीती पोकळ नव्हती. डॅनियल जेम्स हा तरुण रग्बी खेळताना जखमी होऊन लुळा पडला होता. २००८ मध्ये, वयाच्या २३व्या वर्षी, त्यानं स्वित्झर्लंडमध्ये मरण पत्करलं. आईवडिलांनी आधी त्याची परोपरीनं समजूत घातली होती. तरी मुलगा गेल्यावर त्यांच्यामागे पोलीस चौकशी लागली. खटला जनहिताचा नाही, असं संचालक कीर स्टार्मर यांनी डिसेंबरात सांगितलं, तेव्हा कुठे ते सुटले.

फेब्रुवारी २०१० मध्ये स्टार्मर यांनी निकष जाहीर केले. मदत निव्वळ कळवळ्यापोटी केली का? रुग्णाला परावृत्त करायचा प्रयत्न झाला का? नंतर पोलिसांना खरं सांगितलं का? वर्षानुवर्षं शुश्रूषा करणाऱ्यानं आधी ‘जाऊ नकोस’ म्हणून विनवायचं, तरी ऐकलं नाही तर सोबत जायचं आणि परतल्यावर पोलिसांपुढे बसून हे सगळं पुन्हा सांगायचं.

डेबी स्वित्झर्लंडला गेलीच नाही. २३ डिसेंबर २०१४ रोजी, अन्न नाकारून, ५१व्या वर्षी ती ब्रॅडफर्डच्या हॉस्पिसमध्ये वारली.

इच्छामरणाबद्दल कुणाचं मत काहीही असो. रुग्णावर दबाव तर नाही ना, याची चौकशी व्हायलाच हवी. पण ती रुग्ण स्वतः बोलू शकतो तेव्हा व्हावी. दुखवट्याच्या घरी पोलीस पाठवून कुणाचंच रक्षण होत नाही.