सत्ती-दुर्रीचे गणित

बेंगळुरूत कर्नाटक उच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०२२ रोजी पैशांच्या ऑनलाइन खेळांवरील राज्याची बंदी रद्द ठरवली, ती कौशल्य आणि नशीब यांतला भेद मानून. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेला केंद्रीय कायदा हा भेद मानत नाही. पोकरमधल्या एका जागी मात्र तो चक्क मोजता येतो.

बिग ब्लाइंडच्या खेळाडूने पत्ते पाहण्याआधीच १ चिप लावलेली असते, स्मॉल ब्लाइंडने अर्धी. बटनवरचा खेळाडू २ लावतो, स्मॉल ब्लाइंड पत्ते टाकतो. पॉटमध्ये साडेतीन, टिकायला हवी आणखी १. साडेचारांत एक, म्हणजे सुमारे २२ टक्के शक्यता पुरे. बेरंगी सत्ती-दुर्रीसुद्धा एक्का-राजाला सुमारे ३२ टक्के वेळा हरवते! मग ती टाकायची का? कारण हा आकडा पाचही पत्ते उघडेपर्यंत टिकणाऱ्याचा आहे. पुढच्या प्रत्येक फेरीत बिग ब्लाइंडला आधी चाल करावी लागते, आणि मोठ्या चालीपुढे त्याला वाटेतच पत्ते टाकावे लागतात.

चिप्स थोड्या असल्या की हा तोटा घटतो. हाताशी दहाच उरल्या असतील, तर समोरच्याच्या शंभर चिप्स निरुपयोगी; दहाच्या पलीकडे त्याला धमकावता येत नाही. सगळ्या लावल्या की पाचही पत्ते दिसणारच. म्हणून राजा-नव्वीसारख्या हाताचे मोल वाढते. किल्वरची पंजी-छक्की घटते, कारण फ्लश जमला तरी मिळकत बेताची.

सत्ती-दुर्री तेव्हाही टाकलेलीच बरी.