पुरात गेलं

पाणी वाढत जातं तसे मराठीत त्याचे शब्दही वाढत जातात. ओढ्याला लोंढा येतो, नदीला पूर येतो, नदी काठाला जुमानेनाशी झाली की महापूर, आणि माणसाची अक्कलच चालेनाशी झाली की प्रलय. यांतला 'पूर' मला फार आवडतो, कारण तो मुळात भीतीचा शब्द नाही. संस्कृतातल्या 'पॄ' धातूचा अर्थ भरणं. पूर्ण, पूर्ती, पुरेसा, पुरवठा ही सगळी त्याच घरातली माणसं. पोळीतलं पुरणसुद्धा तिथलंच. नदीला पूर आला म्हणजे नदी भरली, एवढंच पूर्वजांना म्हणायचं असावं. पहिल्या पुराला गावातल्या बायका घाटावर जाऊन नदीची ओटी भरत, नारळ सोडत. गढूळ, फेसाळ, झाडंझुडपं घेऊन निघालेल्या त्या पाण्याकडे पाहून 'भरली' असं म्हणणं ही मोठीच माया आहे. भरलेली गाय, भरलेलं शेत, भरलेलं घर, आणि भरलेली नदी.

पण त्याच घरात 'पुरणं' हे क्रियापदही राहतं, आणि ते दोन तोंडांनी बोलतं. पुरणं म्हणजे पुरेसं होणं. पुरणं म्हणजे मातीखाली गाडणं. खड्डा भरला की तो पुरला. पाणी गावाला पुरतं तेही खरं, आणि गाव पुरून उरतं तेही खरं.

पश्चिमेचे भारदस्त शब्द वेगळ्या घरचे आहेत. ग्रीकांचा 'काताक्लुस्मोस' म्हणजे वरून खाली धुऊन काढणं. इसवी सनापूर्वी ज्यू पंडितांनी आपले धर्मग्रंथ ग्रीकमध्ये नेले, तेव्हा नोहाच्या प्रलयासाठी त्यांनी हाच शब्द घेतला. पुढे इंग्रजीत तो 'कॅटॅक्लिझम' झाला. लॅटिनचा 'डिलुव्हियम'सुद्धा धुण्याचाच, फ्रेंचच्या वाटेने तो इंग्रजीत 'डेल्यूज' होऊन आला. दोन्ही शब्दांत पृथ्वी हे मळलेलं वस्त्र आहे आणि धुणारा वर कुठेतरी बसला आहे. (काताक्लुस्मोसच्याच क्रियापदातून एनिमाचं जुनं नाव 'क्लिस्टर' निघालं, हे कळल्यापासून त्या शब्दाचा दरारा माझ्यापुरता बराच कमी झाला.) साधासुधा 'फ्लड' मात्र आपल्या 'प्लु' धातूचा, म्हणजे प्लावन-आप्लावनाचा, लांबचा नातलग मानतात. त्यात नुसतं वाहणं आहे, पापपुण्य नाही.

ज्याला पूर देवावर ढकलायचा असतो त्याला हे धुण्याचे शब्द सोयीचे पडतात, हे मला पेनसिल्व्हेनियात राहायला आल्यावर कळलं. पिट्सबर्गहून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर ॲलेगेनीच्या डोंगरांत जॉन्सटाउन आहे. लिटल कोनेमॉ आणि स्टोनीक्रीक या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेलं, पोलादाच्या कारखान्यांवर मोठं झालेलं गाव. बर्फ वितळून किंवा वसंतातल्या पावसाने येणाऱ्या पाण्याला इकडे 'फ्रेशेट' म्हणतात. त्या शब्दाला ताज्या पाण्याचा वास आहे. जॉन्सटाउनला असं पाणी नवं नव्हतं. रस्त्यांवर पाणी यायचं, लोक गालिचे गुंडाळून माडीवर न्यायचे, ओसरलं की पुन्हा खाली आणायचे. ३१ मे १८८९ च्या दुपारीही त्यांनी तेच केलं होतं.

त्यांच्या डोक्यावर, नदीने वर गेलं तर बावीस-तेवीस किलोमीटरवर, साउथ फोर्कचं मातीचं धरण होतं. मुळात ते राज्याच्या कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलेलं. रेल्वे आली, कालवा निकामी झाला, धरण या हातातून त्या हातात फिरलं, आणि १८७९ मध्ये पिट्सबर्गच्या धनिकांच्या शिकार आणि मासेमारी क्लबकडे गेलं. ॲन्ड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, ॲन्ड्र्यू मेलन अशी त्या क्लबातली नावं. पाणी सोडायचे लोखंडी नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते, ते क्लबाने पुन्हा बसवले नाहीत. घोडागाड्या नीट जाव्यात म्हणून धरणाचा माथा थोडा उतरवून रुंद केला. सांडव्यावर जाळ्या बसवल्या, कारण तलावात पैसे देऊन आणलेले मासे सोडले होते आणि ते पाण्याबरोबर निसटायला नको होते. या जाळ्यांपाशी माझं मन नेहमी अडतं. खालच्या पोलाद कंपनीने आपला माणूस पाठवून धरण पाहून घेतलं होतं, त्याने दोष लिहून कळवलेही होते; क्लबाकडून उत्तर आलं की काळजीचं कारण नाही. गावात तर दर पावसाळी वर्षी कुणीतरी म्हणायचं, फुटणार बघा धरण, आणि लोक हसायचे.

त्या दिवशी अतोनात पावसाने तलाव भरला, जाळ्यांत पालापाचोळा आणि ओंडके अडकून सांडवा तुंबला. दुपारी तीननंतर धरण गेलं. सुमारे दोन कोटी टन पाणी दरीत उतरलं आणि तासाभरात जॉन्सटाउनला पोहोचलं. ते पाणी म्हणून कुणाला दिसलंच नाही. वाचलेल्यांनी सांगितलं ते काळ्या डोंगराबद्दल: घरं, झाडं, रेल्वेची इंजिनं, जनावरं, आणि वाटेतल्या कारखान्यातली मैलोगणती काटेरी तार, सगळं एकात एक गुंतून गडगडत आलेलं. गावाच्या खालच्या अंगाला रेल्वेचा दगडी पूल होता. तो टिकला, म्हणून हा सगळा डोंगर त्याला येऊन अडला, आणि मग त्याला आग लागली. पुरातून जिवंत तिथवर आलेली माणसं त्या आगीत गेली. एकूण २,२०९ माणसं. पाणी आणि आग एकाच संध्याकाळी, एकाच जागी. याला कुठल्याच भाषेत धड शब्द नाही, आणि नसलेलाच बरा.

आई इकडे आली होती तेव्हा तिला मी जॉन्सटाउनला नेलं. टेकडीवरच्या ग्रँडव्ह्यू दफनभूमीत ओळख न पटलेल्या ७७७ जणांची जागा आहे. पांढरे, छोटे, नाव नसलेले दगड ओळीने उभे. मला वाटलं होतं ती हात जोडेल. तिने जोडलेही, पण लगेच विचारलं, "धरण कुणाचं होतं गं?"

हा प्रश्न पुण्याचा होता. १२ जुलै १९६१ ला आई शनिवार पेठेत, वाड्यात राहणारी शाळकरी मुलगी होती. त्या सकाळी आंबी नदीवरचं पानशेत फुटलं, ते पाणी खाली खडकवासल्यावर आदळलं, त्याच दिवशी तेही धरण फुटलं आणि मुठा पेठांमध्ये शिरली. पानशेतचं काम पुरं व्हायच्या आत त्यात पाणी साठवलं होतं. आदल्या रात्री जवान पावसात वाळूची पोती रचत होते. आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षं एक वाक्य हरवलेल्या प्रत्येक वस्तूचं उत्तर म्हणून चालायचं. आजोबांचा फोटो? पुरात गेला. आजीच्या लग्नातली पैठणी? पुरात गेली. जन्मतारखेचा कागद, पितळी समई, कुणाकुणाची पत्रं, सगळं पुरात गेलं. काही वस्तू पुरानंतर हरवल्या असणार, काही बहुधा मुळात नव्हत्याच. पण पुराने सगळ्यांची जबाबदारी घेतली. 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतनंतर' अशी कालगणना पुण्यातल्या कित्येक घरांत चालली. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या वस्त्यांचा इतिहास विचारला की तोही पुरापाशीच येतो.

पुणेकरांनी त्या पुराला नदीचं नाव दिलं नाही, हे मला आता विशेष वाटतं. मुठेचा पूर कुणी म्हटलं नाही. 'पानशेतचा पूर' म्हटलं, पुढे नुसतं 'पानशेत'. पाणी कुठून आलं एवढंच नाही, कुणाच्या हातून सुटलं तेही त्या नावात नोंदलं गेलं. जॉन्सटाउनच्या लोकांना तेवढंही जमलं नाही. त्यांनी आपल्या पुराला आपल्याच गावाचं नाव दिलं, आणि 'जॉन्सटाउनचा पूर' म्हणून तो जगभर गेला. साउथ फोर्कचं नाव मागे राहिलं. जणू ज्याचं घर वाहून गेलं त्यानेच पूर आणला होता.

क्लबावर खटले झाले. न्यायालयांना ती ईश्वरी करणी वाटली, क्लबाला दंड भरावा लागला नाही. आपल्या जुन्या कागदपत्रांतली भाषा याहून चोख आहे. शेतकऱ्यावर संकट आलं की ती विचारते, अस्मानी की सुलतानी? ढगाने केलं की सत्तेने? साउथ फोर्कला पाऊस अस्मानी होता. उतरवलेला माथा, विकलेले नळ आणि माशांच्या जाळ्या सुलतानी. एवढं मात्र झालं, की या अन्यायाची चीड येऊन पुढच्या वर्षांत अमेरिकेतली न्यायालयं धोक्याचा साठा बाळगणाऱ्यालाच जबाबदार धरणारं तत्त्व हळूहळू मान्य करू लागली. कार्नेगीने गावाला नवं ग्रंथालय बांधून दिलं. सध्या त्याच इमारतीत पुराचं संग्रहालय आहे.

मासे जपण्यासाठी माणसं बुडाली, ही गोष्ट जुनी वाटते. पण २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूणजवळ तिवरे धरण फुटलं, भेंडवाडी झोपेत वाहून गेली, आणि राज्याच्या जलसंधारणमंत्र्यांनी दोष खेकड्यांना दिला. तिकडे मासे, इकडे खेकडे.

मराठीत या गोष्टीला नेमका शब्द आहे: धरणफुटी. त्यात देव नाही, नदीही नाही. माणसाने काहीतरी बांधलं आणि ते फुटलं, एवढंच त्यात आहे. जिथे ही गोष्ट घडली असेल तिथे 'महापूर' आणि 'जलप्रलय' लिहिणाऱ्या वृत्तपत्रांचा मला राग येतो. पूर हा नदीचा शब्द आहे, तो तिच्या भरण्यासाठी राखून ठेवावा.

तुम्ही कधी जॉन्सटाउनला गेलात तर संग्रहालय मागाहून बघा. आधी साउथ फोर्कला जा. धरणाचे दोन्ही खांदे अजून उभे आहेत, मधला भाग तेवढा नाही. त्या खिंडारातून ओढा वाहतो आणि रेल्वे जाते.