ओक ट्री रोडवरचा वळीव

उन्हाळ्यातल्या शनिवारी आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर पार्किंग मिळालं की अर्धी लढाई जिंकली! साड्या, मिठाई, भाजी आटोपून बाहेर यावं तर पश्चिमेला आभाळ काळंभोर. 'वळीव येतोय' म्हणून आपण हसतो. पण मंडळी, इथला वळीव कधीकधी निराळं रूप घेतो.

टॉर्नेडो म्हणजे कॅन्सस-ओक्लाहोमाची गोष्ट, असा आपला समज. १ सप्टेंबर २०२१ ला 'आयडा' वादळाच्या अवशेषांतून उठलेला टॉर्नेडो आपल्याच राज्यात, दक्षिणेकडच्या मलिका हिलमध्ये, ताशी १५० मैलांच्या वाऱ्याने घरं उद्ध्वस्त करून गेला.

ओळखायचा कसा? ढगाचा तळ खाली उतरून गोल फिरू लागला, जमिनीलगत कचरा गरगरू लागला किंवा मालगाडीसारखी न थांबणारी घरघर आली, की सोंड दिसायची वाट पाहू नका. रात्री, पावसात ती दिसतच नाही. 'वॉच' म्हणजे शक्यता. 'वॉर्निंग' म्हणजे कुणी पाहिला किंवा रडारवर खूण दिसली. तत्काळ आडोसा घ्या. दुकानात असाल तर काचांपासून दूर, आतल्या खोलीत जा. गाडीकडे धावू नका.

घरी बेसमेंट उत्तम. पण त्याच 'आयडा'च्या रात्री जवळच्या एलिझाबेथमध्ये एका अपार्टमेंट संकुलात चौघे पुराच्या पाण्याने गेले. म्हणून बेसमेंटमध्ये पाणी शिरत असेल तर तळमजल्यावरची बिनखिडकीची बाथरूम बरी. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना ती जागा आजच दाखवून ठेवा. फोनवरची वॉर्निंग मराठीत येत नाही!