सुप्याच्या वाटा

२०११च्या जनगणनेत उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या एका तालुक्याचं नाव 'सुपा' असं नोंदलेलं आहे. माणसं मोजणारे कागद अजून त्या नावाने चालतात. पण सुप्याला जाणारी बस आता कुठूनच सुटत नाही. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावरचं ते गाव काळीवर बांधलेल्या धरणाच्या पाण्यात गेलं. धरण १९८७ मध्ये पुरं झालं. १०१ मीटर उंच आणि ३३२ मीटर लांब अशी ती भिंत गणेशगुडीला उभी आहे. तालुक्याची कचेरी जोयड्याला हलली. उठवलेल्या घरांपैकी बरीच बेळगाव-गोवा हमरस्त्यावरच्या रामनगरात पुन्हा उभी राहिली.

गाव बुडतं तेव्हा घराचे वासे, कौलं, दारं उतरवून नेता येतात. देवही वाजतगाजत नव्या जागी नेता येतो. रस्ता मात्र नेता येत नाही.

सुपा हे पेठेचं गाव होतं. कज्जा असो, सातबाराची नक्कल असो, मीठ-कापड असो, आजूबाजूच्या वाड्यांवरचा माणूस सुप्यालाच निघायचा. त्यामुळे डोंगरावरच्या पायवाटांना एक उतार होता, जमिनीचा आणि सवयीचाही. त्या सगळ्या वाटा संगमाकडे ओघळत यायच्या. मधलं गाव गेलं आणि वाटांची टोकं पाण्याच्या काठाशी तुटली. दोन वाड्यांमधलं अंतर पूर्वी खोऱ्यातून चालत काढलं जाई. आता तिथे जलाशय आहे आणि वळसा घालून जावं लागतं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तांबड्या मातीच्या काठावर वठलेल्या झाडांचे बुंधे दिसू लागतात. पाणी फारच खाली गेलं, तर जुन्या वस्तीच्या खुणाही उघड्या पडतात. पहिल्या जोरदार पावसात ते सारं पुन्हा झाकलं जातं.

या तालुक्यातले मोठे रस्ते कोणासाठी झाले, हा प्रश्न दीडशे वर्षं मागे नेतो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे धारवाडच्या काळ्या रानाकडे वळले. धारवाडचा कापूस समुद्रापर्यंत आणायचा तर कारवारचं बंदर हवं आणि बंदरापर्यंत गाडी उतरवणारे घाट हवेत. १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला गेला, त्यामागे हे बंदर आणि हा कापूस होता. अरबैल, कैगा हे घाट गाडीरस्त्याचे झाले ते त्याच धामधुमीत. कापसाच्या गठड्या लादलेल्या बैलगाड्यांची रांग सह्याद्री उतरत होती.

पुढे १८८८च्या सुमारास मुरगाव बंदरातून निघालेली आगगाडी दूधसागराच्या बाजूने घाट चढून कॅसलरॉकला पोचली. पोर्तुगीज गोव्याच्या सीमेवरचं हे ठाणं सुप्याच्याच मुलखातलं. माल रुळांवरून जाऊ लागला आणि कारवारच्या बंदराने पाहिलेलं मोठेपणाचं स्वप्न तिथेच आटलं. घाटातले गाडीरस्ते उरले. ज्या गाड्यांसाठी ते कोरले, त्या गाड्या विरळ झाल्या.

कापसाच्या त्याच काळात मुंबई इलाख्यात आणखी एक गोष्ट घडली, ती आज फारशी कोणाच्या लक्षात नाही. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घेऊन त्यातून रस्ते आणि शाळा करायच्या, अशी पद्धत सुरू झाली आणि १८६९च्या कायद्याने ती पक्की झाली. लोक त्याला 'लोकल फंड' म्हणत. शेतकऱ्याच्या पैशातून शेतकऱ्याच्या गावचा रस्ता, ही कल्पना सरकारी वहीत पहिल्यांदा शिरली ती अशी. पण फंड साऱ्यावर बेतलेला. जिथे काळी जमीन आणि भरघोस सारा, तिथे फंड मोठा. सुप्यासारख्या मुलखात भाताच्या चिंचोळ्या खाचरांवर सारा तो किती निघणार? शिवाय डोंगरउतारावर जाळून-तोडून केली जाणारी कुमरी शेती सरकारने आवळत आणली होती, कारण त्याच उतारांवर सागवान होतं. जंगलातल्या बऱ्याच वाटा ओंडके ओढण्यासाठी रुंदावल्या. पुढे दांडेलीला कागदाचा कारखाना आला आणि बांबूचे ट्रक त्याच दिशेने धावू लागले. मग मँगनीज आलं, आणि शेवटी वीज. कापूस, लाकूड, खनिज, वीज यांपैकी जे जे तालुक्याबाहेर जायचं होतं, त्याला त्याला रस्ता मिळाला. वाडीवरून पेठेत यायचं असलेल्या माणसाला तो सगळ्यात शेवटी मिळाला, किंवा मिळालाच नाही.

या हिशेबाला छेद देणारी एक वाट मात्र इथे आहे, आणि ती भक्तांनी जिवंत ठेवली आहे. बाराव्या शतकात बसवण्णांच्या कल्याण नगरीतल्या उलथापालथीनंतर शरण, म्हणजे लिंगायत संत, पश्चिमेकडे निघाले आणि चन्नबसवण्णांनी उळवीच्या रानात देह ठेवला, असं परंपरा सांगते. दर माघ पौर्णिमेच्या सुमारास उळवीची जत्रा भरते. धारवाड-बेळगावकडचे शेतकरी आजही तिला सजवलेल्या बैलगाड्या घेऊन येतात. गाड्यांवर कमानी, बैलांच्या शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगरमाळा, मागे कडब्याचे भारे. घरी ट्रॅक्टर आणि मोटारसायकल असलेला माणूसही या एका प्रवासासाठी बैल जुंपतो आणि कित्येक दिवस चाकाच्या चालीने रान कापत येतो. डांबराच्या कडेने उमटणारी ती चाकोरी या तालुक्यातली बहुधा सगळ्यात जुनी अखंड वाहतूक असावी. ती काही बाहेर नेत नाही. आत येते, नमस्कार करते आणि परत जाते.

शेताकडे जाणारा रस्ता ही सरकारची जबाबदारी मानायची का, यावर जगात अनेक ठिकाणी खल झाला. अमेरिकेतल्या टेक्सस राज्याने त्याचं उत्तर ठामपणे दिलं. १९३७ मध्ये तिथला असा पहिला रस्ता पुरा झाला. लांबी जेमतेम सहा मैल. १९४९ मध्ये खास कायदा करून राज्याने दरवर्षी ठरावीक रक्कम शेत ते बाजार अशा रस्त्यांसाठी बांधून टाकली. हे रस्ते बांधायचे राज्याने आणि सांभाळायचेही राज्याने. आज त्यांचं जाळं चाळीस हजार मैलांच्या पुढे गेलेलं आहे. चिखलात रुतलेल्या शेतकऱ्याला बाहेर काढायचं, हा त्यामागचा साधा हेतू होता.

आपल्याकडे १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते समिती नेमली गेली. मग डिसेंबर १९४३ मध्ये नागपुरात देशभरातले मुख्य अभियंते जमले. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामीण रस्ते ही आज सरावाची झालेली उतरंड त्या बैठकीने घालून दिली. चांगल्या शेतीच्या मुलखात कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, असं त्यांनी ठरवलं. जिथे शेती कमी, तिथे बरंच जास्त अंतर चालेल असंही धरलं. नकाशावर ते शहाणपणाचंच होतं. पण सुप्यासारखा रानातला तालुका त्या दुसऱ्या खान्यात पडतो, आणि खाना एकदा ठरला की पुढच्या योजना त्याच खान्यातून माणसाकडे पाहत राहतात.

२५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. तिने देशात जे काम केलं ते थोर आहे, यात शंका नाही. तिची कसोटी होती वस्तीची लोकसंख्या: सपाट मुलखात पाचशे, आणि डोंगरी राज्यं, वाळवंट, आदिवासी अनुसूचित क्षेत्रं यांत अडीचशे. आता जोयडा तालुका, म्हणजे जुना सुपा, डोळ्यांपुढे आणावा. क्षेत्रफळाने जिल्ह्यातला मोठा, माणसं सारी मिळून पन्नास हजारांच्या आसपास, आणि तीही रानात विखुरलेली. वाडी म्हणजे दहा-पंधरा घरं, मध्ये ओहोळ, मग रान, मग पुढची वाडी. डोंगर आहे, पण कर्नाटक हे डोंगरी राज्य नाही. कुणबी समाज शतकानुशतकं रानाशी बांधलेला आहे, पण कर्नाटकात तो अनुसूचित जमातींत मोडत नाही. गोव्यात सीमेपलीकडच्या कुणब्यांना तो दर्जा २००३ मध्ये मिळाला. सवलतीच्या प्रत्येक दारात हा तालुका एका पावलाने बाहेर राहतो. डोकी मोजून रस्ता द्यायचा हा नियमच इथे चुकीचा आहे. मोजायचं असेल तर पावसाळ्यात ती वाडी किती दिवस तुटते, हे मोजायला हवं.

आणि पाऊस इथला साधा नव्हे. कॅसलरॉकला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जांभ्याची तांबडी माती उन्हाळ्यात दगडासारखी असते, आषाढात लोण्यासारखी होते. अशा मुलखात रस्त्याचं खरं आयुष्य डांबरात नसून कडेच्या गटारात आणि मोऱ्यांत असतं. डोंगराकडच्या अंगाला गटार खणलं नाही, ओहोळावर पुरेशी रुंद मोरी घातली नाही, तर पाणी स्वतःच रस्त्याने चालू लागतं आणि एका मोसमात खडी उपसून टाकतं. रोजगार हमीतून शेतवाटा करण्यासाठी कर्नाटकात 'नम्म होल, नम्म दारी', म्हणजे आपलं शेत, आपली वाट, अशी योजना आहे. महाराष्ट्रातही पाणंद रस्त्यांसाठी २०२१ पासून वेगळी योजना आहे. पण गटार-मोरीवाचून नुसती माती टाकून केलेली वाट जोयड्याच्या पावसात दरवर्षी नव्याने करावी लागते.

रानाचा प्रश्न याहून नाजूक. १९८७ मध्येच, ज्या वर्षी धरण पुरं झालं त्या वर्षी, अणशीचं राष्ट्रीय उद्यान झालं. २००७ मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला आणि २०१५ मध्ये त्याला काळी नदीचं नाव मिळालं. वाघ, काळा बिबळ्या, धनेश यांचं हे घर आहे आणि ते राखलंच पाहिजे. रुंद डांबरी रस्ता रान चिरतो, रात्रीच्या वाहनांखाली जनावरं मरतात, हेही खरं. पण वाडीला लागतो तो हमरस्ता नव्हे. एक जीप जाईल एवढी वाट आणि ओहोळावर एक भक्कम फरशी. २००६च्या वनहक्क कायद्यात त्याची सोय करून ठेवलेली आहे. ग्रामसभेने शिफारस केली, तर रस्त्यासारख्या गावकामासाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन देता येते, मात्र हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तोडता येत नाहीत. उद्यानाच्या आणि अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव मंडळाची परवानगी वेगळी लागते, आणि तिथे कागद थकतात.

दुसरीकडे प्रकल्पाबाहेर राहायला जाणाऱ्या कुटुंबाला २०२१ पासून पंधरा लाख रुपये देऊ केले जातात. जाणं स्वेच्छेचं आहे. मात्र ज्या वाडीवर आजाऱ्याला कांबळ्याच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, तिथली स्वेच्छा आणि रस्ता असलेल्या वाडीवरची स्वेच्छा सारखी नसते. ज्या मुलखातली माणसं धरणासाठी एकदा उठली, त्यांच्या शेजाऱ्यांना हा प्रश्न विचारताना निदान रस्ता आधी द्यायला हवा होता.

तोवर वाडीचा आधार म्हणजे साकव. पोफळीच्या नाहीतर रानातल्या सरळ खोडांचे दोन-तीन सोट या काठापासून त्या काठापर्यंत टाकायचे, वेलींनी आवळायचे, धरायला एका अंगाला बांबू बांधायचा. पावसाच्या तोंडावर वाडीतले गडी मिळून तो घालतात. श्रावणापर्यंत टिकला तर टिकला. एखाद्या रात्री व्हाळ फुगतो आणि सकाळी मुलं शाळेच्या पिशव्या घेऊन काठावर उभी राहतात. साकवाला सरकारी रस्त्यांच्या उतरंडीत नाव नाही, क्रमांक नाही, देखभालीचा मक्ता नाही. तरी या तालुक्यात माणसाने माणसासाठी सर्वांत जास्त वेळा बांधलेला रस्ता तोच असेल.

थंडीत जोयड्याला कंदमुळांचा मेळावा भरतो. कुणबी बाया वाडीवरून माल आणतात: कोनफळं, कणगं, करांदे, सुरण आणि मुडली, म्हणजे अळवाच्या कुळातला हातभर लांबीचा गड्डा, ज्याच्यासाठी लोक दुरून येतात. मुडली चांगली वजनदार असते. डोक्यावर ओझं घेऊन पहाटेच्या अंधारात निघायचं, रान उतरायचं, साकव एकेकीने ओलांडायचा आणि डांबराच्या कडेला बसची वाट पाहत बसायचं. ओहोळाच्या पाण्यात तिथेच पाय धुतले जातात, चप्पल मग घातली जाते. बस आली की आधी गड्डे आत चढवायचे असतात. वाहक खाली उतरून हात लावतो आणि टपाच्या शिडीकडे बोट दाखवतो. बाई मान हलवते, गड्डा मांडीवरच घेते. टपावर धक्के बसून साल फुटली, तर मुडली टिकत नाही.